आधी कागद, मग काडतूस

तेवीस वर्षं मी बँकेत लोकांचे कागद तपासले. आधार कुठंय, सही जुळत नाही, वारसाचा दाखला आणा, उद्या या. काउंटरच्या त्या बाजूला उभं राहणं कसं असतं, ते मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुण्यातल्या एका बंदुकीच्या दुकानात कळलं.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात. घरात आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनळी. आजोबांनंतर ती आबांकडे आली आणि आबा गेल्यावर माझ्याकडे यायची वेळ आली. मुलगी म्हणून कौतुकानं नव्हे. दादाकडे एक रिव्हॉल्व्हर आणि पीकरक्षणाची एकनळी आधीच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालायच्या. वडिलोपार्जित असली तरी ती मोजणीत धरतात. दादा म्हणाला, "तूच घे, नाहीतर जाईल सरकारात." तिथून सुरू झालेल्या दोन वर्षांच्या येरझाऱ्यांत जे शिकले, ते खाली लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा नाही. पहिला मुद्दा मात्र पहिलाच ठेवा.

१. दुकानात आधी कागद न्यायचे, बंदूक नाही.

दुकान जुनं आहे, नावाजलेलं आहे. सागवानी कपाटं, जाळीचं दार, दारावर घंटी. गल्ल्यामागे सत्तरीचे मालक. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणू लागले. मी आबांचं लायसन पुढे केलं. त्यांनी चष्मा चढवला, पानं उलटली, शेवटच्या नूतनीकरणाचा शिक्का पाहिला आणि विचारलं, "वडील कधी गेले?"

"सात महिने झाले."

"आणि बंदूक?"

"गाडीत आहे. डिकीत."

काका उभेच राहिले. वरच्या आवाजात बोलणारा माणूस नाही तो, पण त्या दिवशी बोलले. परवाना माणसाच्या नावावर असतो, बंदुकीच्या नाही. माणूस गेला की परवाना संपतो, आणि त्या दिवसापासून घरात बंदूक ठेवणं बेकायदा होतं. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. आम्ही काय केलं होतं? बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत ती आबांच्या लोखंडी कपाटात तशीच राहिली, आणि सात महिन्यांनी मी तिला सोलापुरी चादरीत गुंडाळून, वर कोल्हापुरी गुळाच्या दोन ढेपा ठेवून, हायवेनं पुण्यात आणली. वाटेत टोलनाक्यावर एका पोलिसानं हात केला होता. मला वाटलं, सीटबेल्टसाठी. त्यानं सोडलं आणि मी हसत हसत पुढे आले. काकांनी कलम सांगितल्यावर ते हसू आठवून तळहाताला घाम आला.

काकांनी बंदूक आत घेतली, नंबर वहीत चढवला, जमा पावती दिली. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि ठाण्याला द्यायचा अर्ज शब्द न् शब्द सांगून लिहून घेतला. "यात काही लपवायचं नाही. उशीर झाला, चूक झाली, असं स्पष्ट लिहा." ठाण्यात बोलणी खावी लागली. ती खाण्यासारखीच होती.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली आणि फार लागली. २०१६ च्या शस्त्र नियमांत अशी सोय आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, तर जिवंतपणीच ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. आबा एक्याऐंशीचे होऊन गेले. अकरा वर्षं हातात होती. "अजून मी आहे की," एवढंच ते म्हणायचे.

२. चांगल्या दुकानात माल शेवटी दिसतो.

साड्यांच्या दुकानात बसल्याबरोबर दहा साड्या अंगावर पडतात. इथं काचेत काही मांडलेलं नसतं. परवाना नसताना नुसतं बघायला म्हणून आलेल्याला काका चहा देतात, बंदूक दाखवत नाहीत. परवाना हातात असेल तर त्यावरचा यूआयएन म्हणजे ओळख क्रमांक, मुदत, कुठल्या जातीचं शस्त्र मंजूर आहे, खरेदीची मुदत किती उरली, सगळं आधी. एकदा माझ्यासमोर एक गळ्यात साखळी घातलेला तरुण आला. "पैशाचं टेन्शन घेऊ नका, कागद मागनं देतो." काकांनी त्याला दाराकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी मी ठरवलं की आबांची बंदूक इथंच ठेवायची.

३. घरातल्या बंदुकीची कथा बहुधा खोटी असते.

आमच्याकडे पिढीजात समजूत अशी, की ही बंदूक शाहू महाराजांनी आमच्या आजोबांच्या वडिलांना शिकारीत हाका नीट घातला म्हणून बक्षीस दिली. लग्नाच्या बोलणीत ही कथा सांगितली जायची. माझ्याही लग्नात सांगितली गेली. मी ती काकांना रंगवून सांगितली. काकांनी ऐकून घेतली आणि बंदूक उघडली.

उघडली म्हणजे तीन तुकड्यांत सोडवली. पुढचा लाकडी भाग खटकन निघाला, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. साठ-पासष्ट वर्षं घरात असलेल्या वस्तूचं पोट मी पहिल्यांदा पाहत होते. नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर बारीक शिक्के होते. काकांनी भिंग दिलं. मुकुट, त्याखाली तीन इंग्रजी अक्षरं, शेजारी एक अपूर्णांक आणि टनात एक आकडा. हे बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचे शिक्के. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासली जाते, फुटली नाही तरच शिक्का मिळतो. दाब टनात लिहायची पद्धत १९५४ च्या नियमांपासूनची. शाहू महाराज वारले १९२२ साली.

"मग महाराजांनी स्वर्गातून पाठवली असेल," काका म्हणाले.

नंतर गावच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची पावती सापडली. वेब्ली अँड स्कॉट, बारा बोअर, १९५७. रोख खरेदी. आजोबांनी भुईमुगाच्या पैशातून घेतली होती आणि पुढच्याच वर्षी दाजीपूरचं जंगल अभयारण्य झालं. शिकारीसाठी घेतली असेल तर बिचाऱ्यांचा एकच हंगाम पदरात पडला. त्यानंतर तिचं काम म्हणजे उसात डुकरं घुसली की आकाशात एक बार, आणि खंडेनवमीला झेंडूचा हार.

कथा गेली याचं दुःख दादाला झालं. मला नाही. महाराजांच्या मेहेरबानीपेक्षा आजोबांचा भुईमूग मला जवळचा वाटला.

४. जुनी बंदूक कानानं आणि उजेडानं बघायची.

हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

काकांनी दोन्ही नळ्या बुडाच्या आकड्याला बोट घालून लोंबत्या धरल्या आणि लाकडी मुठीनं हलकेच टकटक केलं. देवळातल्या घंटेसारखा लांबट नाद निघाला. दोन नळ्यांच्या मधली पट्टी डाखानं जोडलेली असते. डाख कुठं सुटला असेल तर नाद बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. आमची वाजली, आणि दुकानातला पोऱ्याही मान वर करून बघायला लागला.

मग नळी खिडकीकडे धरून आतून पाहायची. उजेडाची वर्तुळं एकात एक गोल दिसली पाहिजेत. कुठं वर्तुळ चेपलं असेल तर तिथं बाहेरून पोचा आहे. काळे ठिपके दिसले तर गंजानं खाल्लेलं आहे. आमच्या डाव्या नळीत ठिपके होते. राधानगरीचा पाऊस, दुसरं काय. नंतर पुढचा लाकडी भाग काढून, बंदूक बंद करून, दस्ता धरून हलवायची. खुळखुळली तर सांधा झिजला.

दोन नळ्या सारख्या नसतात हेही मला ठाऊक नव्हतं. डावी तोंडाशी किंचित आवळलेली असते, तिचे छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. आबा नेहमी मागचाच चाप ओढायचे. का, ते विचारायचं राहिलं.

पण खरा धडा त्या अपूर्णांकाचा. शिक्क्याशेजारचा अडीच हा आकडा म्हणजे काडतूस बसतं त्या घराची लांबी, अडीच इंच, पासष्ट मिलिमीटर. आज सर्रास मिळणारी काडतुसं सत्तर मिलिमीटरची असतात. ती या बंदुकीत बसतात. अगदी सहज बसतात, कारण ही लांबी मोजतात ती उडाल्यानंतर तोंड उलगडलेल्या काडतुसाची. न उडालेलं त्याहून आखूड असतं. बार काढला की तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. म्हणजे जे घट्ट बसतं तेच धोक्याचं, असा आपला घरगुती हिशोब इथं उपयोगाचा नाही. दादानं मधल्या काळात आबांसाठी कुठली काडतुसं आणली होती, हे मी फोनवर विचारलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

बंदुकीबरोबर बिस्किटाच्या डब्यात नऊ काडतुसंही निघाली होती, कागदी नळकांड्यांची, ओलीनं फुगलेली. ती वापरायची नाहीत आणि कचऱ्यात तर मुळीच टाकायची नाहीत, तीही मोजून जमा करायची. गंमत म्हणजे बारा बोअरची काडतुसं बनवणारा सरकारी कारखाना आमच्या पुण्यातच खडकीला आहे, १८६९ पासूनचा. मी पंचवीस वर्षं त्या रस्त्यानं जाते आहे.

५. तेल लावून उभी ठेवू नका.

आबा दर दसऱ्याला नळीत सढळ हातानं तेल सोडायचे आणि बंदूक दस्त्यावर उभी करायचे. तेल ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरलं आणि तिथलं अक्रोडाचं लाकूड काळं, भुसभुशीत झालं. थोडं तेल, कोरडं फडकं, आणि काही दिवस तोंड खाली करून ठेवायची. इतकंच.

६. किंमत ऐकून लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका.

परदेशी बंदुकांची आयात सर्वसामान्य माणसाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या विलायती मालाचा साठा जेवढा आहे तेवढाच, आणि तोच हात बदलत फिरतो. इंग्लंडमध्ये शेतकऱ्याच्या कोठारात पडून असेल अशी बंदूकही इथं भाव खाते. नामवंत घराण्यांच्या बंदुकांची तर गोष्टच निराळी. काकांनी मला एकदा हॉलंड अँड हॉलंडची एक जोडनळी पाहू दिली. तिची सगळी यंत्रणा दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर बसवलेली, आणि त्या पत्र्यांवर इतकी बारीक वेलबुट्टी, की पैठणीचा पदर आठवला. किंमत मी विचारली नाही. विचारून उपयोग नव्हता.

आमची तशी उच्चकुलीन नाही. साधी, टिकाऊ, कामाची. तरीही एका संग्राहकानं काकांमार्फत विचारणा केली आणि आकडा माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा होता. मी "देऊन टाकू" म्हणाले. काकांनीच थांबवलं. एक तर माझ्या नावावर परवाना नाही, सगळ्या वारसांची संमती लागेल. शिवाय खाजगी मालकानं शस्त्र दुसऱ्याला विकायचं तर आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. "दीड महिना विचार करायला कायद्यानंच दिलाय ताई. वापरा." दलालीवर पाणी सोडणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

७. बाई असाल तर नवऱ्याला बाहेर बसवा.

पहिल्या चार खेपांना दुकानातला मदतनीस सगळी उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचा. प्रश्न मी विचारायचे, "तर साहेब, त्याचं असं आहे" म्हणून तो यांना समजावायचा. आमचे साहेब दिवाळीत टिकल्या वाजल्या तरी कानात बोटं घालतात. पाचव्या खेपेला मी त्यांना समोरच्या हॉटेलात मिसळ खायला पाठवलं. मग संभाषण सरळ झालं.

याच मदतनिसानं मला "लेडीज" रिव्हॉल्व्हर सुचवलं होतं. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं ते काढलं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीत त्याला 'निर्भीक' असं नाव दिलेलं आहे. मला ते नाव ऐकून तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. सव्वा लाख ज्या बाईकडे आहेत ती रात्री बसस्टॉपवर उभी नसते, असं मी म्हणाले. काका वहीत मान घालून होते, पण हसले.

८. लेकीसाठी घेताना सगळ्यात महाग वस्तू आधी घेऊ नका.

माझी धाकटी अकरावीत आहे. दुकानाच्या खेपांना ती बरोबर यायची, त्यातून तिला एअर रायफलचं वेड लागलं. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, आणि घरात दुसरा विषय उरला नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, दोघीही कोल्हापूरच्या. दादा फोनवरून म्हणाला, "आपल्या पाण्यातच आहे." पाण्यात असेल, पण रायफल जर्मनीहून येते.

पॉइंट १७७ बोअरच्या, वीस जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. त्यामुळे इथं कागदाचा त्रास कमी आणि पैसे उधळायची मुभा जास्त. स्पर्धेची चांगली रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. मी मनातल्या मनात एफडी मोडली होती. काकांनी लेकीला विचारलं, "किती दिवस रेंजवर जातेस?" "दोन महिने." "मग सहा महिन्यांनी ये. तोवर क्लबची वापर."

दहा मीटरवरच्या त्या निशाण्यात मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, लेखणीच्या टोकाएवढा. तिथं रायफलच्या किमतीपेक्षा ती अंगाला बसते की नाही याला महत्त्व. गाल टेकायची पट्टी, दस्त्याची लांबी, हाताची मूठ, सगळं त्या मुलीच्या मापाचं हवं. आणि अकरावीतली मुलगी अजून उंच होत असते. सहा महिन्यांत ती सव्वा इंच वाढली.

शेवटी आम्ही एका नेमबाज मुलीची वापरलेली रायफल घेतली. तेव्हा काकांनी नळीकडे नंतर, आधी हवेच्या सिलिंडरकडे पाहिलं. त्यावर तारीख कोरलेली असते. त्यात दोनशे बारच्या दाबानं हवा भरतात आणि दहा वर्षांनंतर तो वापरायचा नसतो, स्पर्धेत तपासणीलाही अडतो. आमच्यासमोरच्या सिलिंडरची नऊ वर्षं झाली होती. विकणाऱ्या मुलीच्या वडिलांना बहुधा ते माहीतच नव्हतं. काकांनी नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वळते करून घेतले. जुनी रायफल घेणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी माझं लिहिणं वसूल.

छर्ऱ्यांच्या डब्यांवर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. दुकानदार जो देईल तो घेऊ नका. चार प्रकारचे थोडे थोडे घ्या, रायफल शिकंज्यात धरून मारून बघा, जे जवळजवळ पडतात ते ठेवा.

९. बंदूक लोकांना दाखवायची वस्तू नाही.

आमच्या भाच्यानं लग्नासाठी मागितली होती, वरातीत एक बार काढायला. पूर्वी गावात ते चालायचं. २०१९ पासून आनंदाचा बार हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाचा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

१०. वाट बघायची तयारी ठेवा.

वारस म्हणून माझ्या परवान्याचा अर्ज गेला आहे. दादाचं नाहरकत प्रतिज्ञापत्र झालं. शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलं. वर्गात मी एकटी बाई आणि वयानं सगळ्यात मोठी होते. पोलीस चौकशीला हवालदार घरी येऊन गेले, शेजारच्या कुलकर्णी वहिनींना "बाई भांडखोर आहेत का" असं विचारून गेले. वहिनींनी दोन मिनिटं विचार केला म्हणे.

तोवर बंदूक काकांच्या तिजोरीत आहे. दर महिन्याला जमा भाडं भरते, पावती घेते. गेल्या खंडेनवमीला झेंडूचा हार घेऊन गेले. काकांनी बंदूक काढून फडक्यावर ठेवली, मी हळदकुंकू वाहिलं, त्यांनी लगेच ते पुसून घेतलं, कारण कुंकवानं पोलाद गंजतं.

तुमच्या घरी कपाटात अशी एखादी दुनळी असेल, आणि लायसनवरचं नाव सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं असेल, तर वारसाचा अर्ज या महिन्यात टाका. ते "अजून मी आहे की" म्हणाले तरी टाका.